ओल्या लुगड्याचा शेवट

संपादक महाशय, तुम्ही माझ्या भुताला चोर केलंत.

गेल्या दिवाळीत माझी गोष्ट तुमच्या मासिकात आली. वर माझं नाव, मध्ये माझी वाक्यं, आणि शेवटच्या पानावर तुमची कात्री. माझी सारजा, ओलं लुगडं नेसून घरी परतणारी सून, मेलेली होती. तुम्ही तिला लुगडं नेसलेला चोर बनवलंत, गावकऱ्यांकडून बडवून घेतलंत, तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न लावलंत आणि मोकळे झालात. वरून मला कळवलंत, 'विज्ञानयुगात भुताखेतांना थारा देणे आमच्या धोरणात बसत नाही. आपली लेखणी मात्र चुणचुणीत आहे. यंदाच्या दिवाळी अंकासाठी एखादी हलकीफुलकी प्रेमकथा पाठवावी. आमच्या तरुण भगिनींना तीच रुचते.'

पाठवते. ही घ्या प्रेमकथा. हिच्यात भूत आहे, कारण त्याच्याशिवाय प्रेम झालंच नसतं. आणि तुम्हीही आहात, कारण झालेलं तुम्ही बिघडवलंत.

गोंदियात रेल्वेच्या रुळांपलीकडे आमचा बिडीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, कौलांची एक लांब पडवी. आम्ही बाया भिंतीला पाठ लावून ओळीनं बसायचो. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात तेंदूची पानं. पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तेच. गाणी म्हणायला घसा लागतो, आणि आमचा घसा तंबाखूच्या धुळीनं खाल्लेला. म्हणून गोष्टी. सौंदडहून मावशीकडे राहायला आलेली, चौथीतून शाळा सुटलेली मी रुख्मा, त्या पडवीत गोष्टी सांगायची. सगळ्या भुताच्या. राजाराणीच्या गोष्टीनं दुपारी झोप येते हो. भुतानं येत नाही.

पंचावन्न साल उजाडून थोडेच दिवस झाले होते. बाहेर थंडीचं पिवळं ऊन. मी अगदी रंगात आले होते.

"...सासू म्हनाली, आज नदीवर कोनीच गेलं नाही. मंग हे लुगडं ओलं कसं? तिनं दोरीवरच्या लुगड्याले हात लावला. पानी टपकून राहिलं होतं. थेंब... थेंब... आनि तिच्या मांगून—"

दारात कोणीतरी उभं होतं.

पांढरंफटक. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, सदरा पांढरा, फक्त डोळे काळे. साऱ्या बाया एकदम किंचाळल्या. सुपं उलटली, तंबाखू उडाला. आणि ते दारातलं पांढरं माणूस, आपल्या मागं काय आहे ते बघायला गर्रकन वळलं, मागं काहीच दिसेना म्हणून आणखीच घाबरलं, आणि आमच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलं.

पहिली हसली ती मंदाबाई. माझ्या शेजारची, वयानं सगळ्यांत मोठी. "अवो, भूत नाही वो, पोट्टा आहे! भूत कायले बोंबलते?"

"मी... मी नवा तपासनीस," तो खोकत म्हणाला. "देवरीचा. उदेभान. धानाच्या गिरणीतला कोंडा घेऊन बैलबंडी येऊन राहिली होती, तिच्यात बसून आलो."

"ते ठीक," मी म्हटलं. "पन ओरडले काऊन?"

"तुम्ही ओरडल्या म्हनून."

"आम्ही तुमाले पाहून ओरडलो."

"मले काय मालूम! मले वाटलं माझ्या मांगं..." तो थांबला. कोंड्याच्या पांढऱ्या थराखाली त्याचे कान लाल होत गेले.

तो मला त्या दिवशी आवडला असं लिहिलं तर तुमच्या भगिनींना बरं वाटेल. पण खोटं कशाला लिहू? तो नाही आवडला. कान आवडले.

तपासनिसाचं, म्हणजे आमच्या मुनीमजीचं, काम सोपं आणि बदनाम. दिवस मावळताना प्रत्येकीपुढे बसायचं, कट्ट्यांतल्या, म्हणजे बांधलेल्या जुड्यांतल्या, बिड्या बोटांनी दाबून बघायच्या, ढिली निघाली, फाटकी निघाली की टोपलीत टाकायची. तिला छाट म्हणतात. छाट गेली की तुमची तेवढी मेहनत मातीत. आधीच्या तपासनिसाला बाया पाठीमागं घुबड म्हणत. उदेभानला कोणी घुबड म्हणेना. तो छाट टाकतानाही असं तोंड करायचा की जणू त्याचीच बोटं कापली जाताहेत.

आणि माझी गोष्ट सुरू झाली की हा खांबाशी येऊन उभा. हातात उगाच एखादा कट्टा, नजर माझ्या तोंडाकडे. मी नेमकी मोक्याच्या जागी गोष्ट तोडायची. सगळ्या भुतांना दुसऱ्या दिवशी कामावर यायला लावायचं ना!

पहिल्याच आठवड्यात त्यानं माझ्या सुपापुढे बसून हळूच विचारलं, "रुख्माबाई... मंग मांगून कोन आलं होतं?"

"उद्या."

"आज सांगा ना. मले तळ्याच्या पाळीवरून घरी जा लागते."

"मंग पाळीवरच विचारा. कोनी भेटलंच तर."

"तुमच्या जिभेले हाड आहे का नाही?"

"कोनाच्याच जिभेले नसते. तपासून घ्या, तपासनीस ना तुम्ही?"

मंदाबाईला ठसका लागला. तो तंबाखूचा नव्हता.

रोज विनवणी. मग मलाच मजा वाटू लागली आणि मी त्याला रोज एक शेवट देऊ लागले. आज सासूच मेलेली निघाली, उद्या लुगडं दोरीवरून उडून विहिरीत गेलं, परवा सारं स्वप्न. तो प्रत्येक शेवट खरा धरून पाळीवरून निर्धास्त जायचा आणि दुसऱ्या दिवशी फसल्यासारखा तोंड पाडून यायचा. एकदा त्यानं खऱ्या शेवटाच्या आशेनं माझी एक ढिली बिडी चांगल्यात सरकवली. मी ती उचलून टोपलीत आपटली.

"माझी छाट ती छाट. शेवट असा भेटत नाही, मुनीमजी."

"मी... तसं नाही..." पुन्हा कान.

फाल्गुनात एके दिवशी तो टोपली घेऊनच आला. "रागावनार नाही तर एक सांगतो."

"रागावीन. सांगा."

"काल तुम्ही रगत सांगितलं. मुंडकं उडालं, आतडी झाडाले लटकली. हाव ना?"

"हाव. तुम्ही डोये मिटून घेतले होते. पाहिलं मी."

"मी मिटले. पन एकीचीही बिडी बिघडली नाही. हे बघा त्या वेळचे कट्टे, साऱ्या घट्ट. आनि हे परवाचे. तुम्ही म्हनाल्या, सून चूल पेटवाले गेली तर चूल आधीच सारवलेली, गरम. बस, एवढंच. साऱ्यायचे हात ढिले पडले. मंदाबाईचे बी."

मला असा राग आला म्हणून सांगू! रक्त हा माझा अभिमान होता. आतडी लटकवायला मला रात्र रात्र जागून विचार करावा लागला होता. मी टोपली त्याच्याकडे ढकलली आणि त्याच्याशी बोलणंच टाकलं. तो बिचारा खांबाशी उभा राहायचा, मी भिंतीकडे बघून गोष्ट सांगायची. पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून बायांचे हात बघायची. आणि खरंच, मी भूत कितीही नाचवलं तरी हात मशीनसारखे चालत. 'तांदूळ कोनीतरी आधीच धुवून ठेवले होते' म्हटलं, की कात्री अर्ध्यात थांबे.

संपादक महाशय, तुमच्याकडे ज्या भयकथा येतात त्यांत मसणवटी, अमावास्या आणि घुबडं असतात. आमच्या बाया मसणात जातच नाहीत, त्यांना मसणाची भीती कुठून वाटणार? त्यांची भीती घरातच असते. चुलीपाशी, दोरीवर, उंबऱ्यात. माझ्या गोष्टींतलं रक्त त्या फाल्गुनात गेलं ते गेलंच. भुताचं तोंड मी दाखवत नाही. त्याचं काम दाखवते. हे मला कोणत्या पुस्तकानं शिकवलं नाही. ढिल्या बिड्यांनी शिकवलं, आणि त्या वेचून माझ्यापुढे ठेवणाऱ्या एका भित्र्या माणसानं.

बोलणं मीच सुरू केलं. कसं? चारचौघींत गोष्ट सांगता सांगता म्हटलं, "...आनि त्या घरात एक मुनीमजी होते, ते भुताले घाबरत, पन भुताइतकं खरं बोलत."

सगळ्या हसल्या. तो हसला नाही. खांबाला टेकून असा उभा राहिला जणू खांबच त्याला टेकलाय.

चैत्रात तो देवरीला जाऊन आला. परत आला तेव्हा पानांच्या द्रोणात पिवळी गोल फळं होती. संध्याकाळच्या तपासणीत द्रोण माझ्या सुपाच्या कडेवर ठेवला.

"हे काय?"

"टेंभरं. तेंदूचं फळ. तुम्ही बारा महिने त्या झाडाचं पान हातात घेता... फळ खाल्लं का कधी?"

नव्हतं खाल्लं. हजारो पानं कापली होती, त्या झाडाला फळ लागतं हे ऐकून होते फक्त. मी एक फोडलं. चिकट, गोड, थोडं तुरट. बोटांना गर लागला आणि त्याला तंबाखू चिकटला. मी बोटं कुठं पुसू म्हणून बघत होते, तर त्यानं पाणी शिंपडायचं ओलं फडकं पुढं केलं. फडक्यातून त्याचा हात लागला. क्षणभरच...

"गोड आहे?" त्यानं विचारलं.

"छाट आहे," मी म्हटलं आणि दुसरं फोडलं.

आजही लिहिताना मी मांडीवर सूप घेते. त्याशिवाय लिहिताच येत नाही. सुपावर कागद, आणि नाकात ओल्या पानांचा तो वास. ती पडवी, ती कौलांच्या फटीतून पडणारी उन्हाची चकती, सुपासुपांवरून सरकत जाणारी... आणि खांबाशी तो. कधी कधी वाटतं, मी गोष्टी लिहीत नाही, त्या पडवीतच परत जाऊन बसते.

असो. पुढचं सांगते. गोष्टी जितक्या चांगल्या होत गेल्या तितकी छाट वाढत गेली. मालकानं विचारलं, बिड्या का बिघडतात? उदेभान म्हणाला, पानं जुनी आहेत. नवी पानं आली. तरी बिघडल्या. मग त्यानं ढिल्या बिड्या चांगल्यात सोडायला सुरुवात केली. माझ्या एकटीच्या नाही, साऱ्यांच्या, कारण हात माझ्या गोष्टीनं ढिले पडत होते. मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी पुन्हा टोपलीत आपटल्या असत्या. बिड्या शेकतात त्या भट्टीवर ते उघडं पडलं. पडवीत गोष्टी बंद झाल्या आणि उदेभानला देवरीच्या जंगलात धाडलं, पानं गोळा करून वाळवतात त्या फडावर.

भर दुपारी मोटारस्टँडवर त्याला निरोप द्यायला मी गेले. मंदाबाई सोबत होती, ती मुद्दाम दूर जाऊन पाणी पीत बसली. इतकं पाणी मी तिला कधी पिताना पाहिलं नाही.

"रुख्माबाई," तो म्हणाला. पत्र्याची पेटी एका हातातून दुसऱ्या हातात. "मी घरी... आईजवळ तुमची गोष्ट काढली होती."

"लुगड्याची?"

"नाही वो. तुमची... लग्नाची."

माझ्या पायाखाली रस्ता तापलेला होता, तरी मला एकदम गार वाटलं.

"मंग?"

"आई म्हनते, पोरगी कामाची आहे, चांगली आहे. पन... भुताच्या गोष्टी सांगनारी सून घरात नोको. तिन्हीसांजेले तोंडातून काही निघालं तर घराले लागते म्हनते. गोष्टी सोडशील म्हनावं, तर उद्या हळद लावू."

"हे आई म्हनते."

"हाव."

"आनि तू काय म्हनतोस?"

तोवर मी त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. त्यालाही ते लागलं. त्यानं तोंड उघडलं... मिटलं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

"मी... मी काय म्हनू, रुख्मा?"

त्यानंही पहिल्यांदाच नुसतं रुख्मा म्हटलं. दुसऱ्या कोणत्या वाक्यात म्हटलं असतं तर मी तिथंच त्या मोटारीत चढले असते. या वाक्यात म्हटलं, म्हणून रागानं माझे डोळे भरले.

"मंग आईक. लुगड्याच्या गोष्टीचा खरा शेवट मी कोनालेच सांगितला नाही. मी ती लिहीन. छापून येईल. तो शेवट हाच माझा जवाब समज."

"तोंडानं सांग ना आता..."

"तोंडानं तर मी रोज नवा सांगते."

मोटार गेली. धुळीत त्याचा हात दिसला, मग धूळच दिसली.

त्या पावसाळ्यात मी लिहिलं. पडवीत आता नुसता कात्र्यांचा आवाज. संध्याकाळी घरी येऊन, मावशीची चूल विझायच्या आत, सुपावर कागद ठेवून एक एक ओळ. रविवारी मंदाबाईला वाचून दाखवायची. तिला सांगितलं होतं, तू ऐकू नको, तू बिड्या वळ. मी तिच्या हातांकडे बघायची. हात चालत राहिले की ओळ खोडायची. शेवट तर मी किती वेळा खोडला याला गणती नाही. आणि एका रविवारी शेवटाला तिचा हात ढिला पडला नाही, उलट इतका घट्ट झाला की पान चिरलं. तिनं लुगड्याच्या पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "पाठव."

मी पाठवली. तुमच्याकडे. वर्षभर तुम्ही ती दाबून ठेवलीत. तेवढ्यात आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जायला निघाला, पण तुमचं उत्तर काही निघेना. मग गेल्या दिवाळीत छापलीत. चोरासकट. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नासकट.

तुम्हाला वाटलं, एका बिडीवाल्या बाईची भाकड गोष्ट सुधारली. तुम्ही एका माणसाला त्याच्या लग्नाचं उत्तर दिलंत, महाशय. माझ्या नावानं.

देवरीला तुमचं मासिक उशिरा पोचतं. तिथल्या शाळेच्या मास्तरांकडून ते उदेभानच्या हाती आलं तेव्हा यंदाचे आंबेही संपत आले होते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तो गोंदियात आला. मी कारखान्यातून निघत होते. रस्त्यावर पोरं लाकडी बैल ओढत चालली होती, आणि त्या गर्दीत तो, काखेत तुमचा अंक. अंगावर कोंडा नव्हता. तरी मला तो ओळखू यायला वेळ लागला. दाढी वाढली होती.

"वाचलं," तो म्हणाला.

मी हसत होते. वेडी! मला वाटलं, हा आनंदानं आलाय.

"दुसरी कर म्हनालीस. ठीक आहे. एवढं सांगाले कायले छापाचं होतं? मी दोन सालांपासून वाट पाहून राहिलो."

"मी नाही लिहिलं ते."

"नाव तुझं आहे."

"नाव माझं आहे. शेवट संपादकाचा आहे. त्यानं बदलला."

"आपलं नसलेलं कोनी आपल्या नावानं छापते का?"

बघा, इतका साधा प्रश्न. याचं उत्तर तुमच्याकडे असेल. मी त्याला तिथंच, बैलांच्या चाकांच्या खडखडाटात, खरा शेवट सांगितला.

तोच इथं लिहिते. घरचे मांत्रिक आणतात. तो मागच्या दाराला खिळे ठोकतो, सारजा आता येणार नाही म्हणतो. सगळे मुकाट जेवतात. तिन्हीसांजेला सारजाचा नवरा एकटा उठतो. तो एक एक खिळा उपसून काढतो, दार उघडतो, उंबऱ्यावर एक कोरडं लुगडं ठेवतो, आणि बाहेर न बघता, भिंतीकडे तोंड करून म्हणतो, "ओलं नोको नेसत जाऊ, सर्दी होईल. आत ये. मले भेव लागते... पन दार मी लावत नाही." बाहेर कोणी उत्तर देत नाही. पण दोरीवरून टपकणारं पाणी थांबतं. संपली गोष्ट.

उदेभान ऐकत राहिला. एका पोराचा बैल त्याच्या पायावर आदळला तरी हलला नाही.

"बोल ना," मी म्हटलं.

"चांगला आहे." त्यानं काखेतला अंक हातात घेतला. "लय चांगला आहे. पन रुख्मा... तळ्याच्या पाळीसाठी तू मले किती शेवट सांगितले? हरेक मले खराच वाटला. हा आत्ता मले पाहून सुचला, का खरंच लिहिला होता... मले कसं समजेल?"

"माझा भरवसा नाही?"

"तुझा आहे. तुझ्या तोंडाचा नाही."

ही त्याची चूक नव्हती. गावभर फसवणारी मीच आणि छापलेल्या अक्षराला देव मानणारा तो.

"आई मंडईले पोरगी पाहून राहिली आहे," तो म्हणाला. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडारीचा खेळ होतो, पाहुणे जमतात, आणि सोयरिकी तिथंच ठरतात. "तोवर थांबतो. छापून आन. तू लिहिला तसा."

आणि गेला. दोनदा मागं वळून बघितलं. मी मोजायचं नाही ठरवलं होतं, तरी.

तर ही अशी गोष्ट आहे, संपादक महाशय. हलकी आहे की नाही माहीत नाही. प्रेमाची आहे. भूत आहे की नाही या तुमच्या वादात मला पडायचं नाही. मला एवढंच माहीत आहे की दार उघडणाऱ्या माणसाला भीती वाटत होती, आणि तुम्ही तो माणूसच पुसून टाकलात. त्याच्या जागी लाठ्या घेतलेला गाव ठेवलात. त्याला तुम्ही विज्ञान म्हणता. तुमचा दिवाळी अंक मंडईच्या आधी निघतो. या वेळी देवरीला तो वेळेवर पोचवा आणि कात्री पेटीत ठेवा. एक ओळही हलली तर मी तुमच्या दारात येऊन बसेन, सूप घेऊन. घरी परतताना तुम्हाला रोज एक नवा शेवट सांगेन. मग बघू विज्ञानयुगात झोप कशी लागते ते.

आणि उदेभान. तू हे वाचून राहिला असशील तर समज, छापून आलं. माझं नाव, माझाच शेवट. आता भरवसा धर.

मी गोष्टी सोडनार नाही. तिन्हीसांजेले बी नाही, हळदीच्या अंगानं बी नाही. तुझ्या घरात येईन तर माझी सारजा माझ्यासंगं येईल, आनि अजून ज्या सुचतील त्या बी येतील. तू घाबरशील हे मले ठाऊक आहे. घाबर. मले घाबरनाराच पाहिजे, लाठी घेनारा नोको. मी तुझ्यासाठी टेंभरासारखी सुकून राहिली असं काही लिहिनार नाही. पन पडवीतल्या त्या खांबाकडे पाहिल्याशिवाय माझा एक दिवस जात नाही, हे लिहिते. हे बी छापलेलं आहे.

तुझी आई काय म्हनते ते मी मोटारस्टँडवर ऐकलं. तिचं तिच्यापाशी. मी तुले विचारलं होतं, आनि तू भोंग्याच्या आवाजात तोंड मिटून मोटारीत बसला. आता कोनी भोंगा वाजवून नाही राहिलं.

तू काय म्हनतोस?